चिठ्ठी निघेपर्यंत

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

चिठ्ठी उचलून निर्णय करण्याची पद्धत आपल्याकडे काही नवी नाही. सरपंचपदाचे आरक्षण ठरायचे असते तेव्हा तहसील कचेरीत बरणीत चिठ्ठ्या टाकतात आणि एखाद्या लहान मुलाला पुढे बोलावून त्यातली एक उचलायला लावतात. म्हाडाच्या घरांची सोडत निघते. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर गरिबांच्या मुलांचे प्रवेश सोडतीनेच होतात. आणि आयाबायांची भिशी तर गल्लोगल्ली चालते. या सगळ्या चिठ्ठ्यांत गेल्या काही वर्षांत आणखी एका चिठ्ठीची भर पडली आहे. ती निघते सातासमुद्रापलीकडे, एका परक्या सरकारच्या संगणकावर. आणि तिच्या निकालाची वाट पाहिली जाते आपल्या तालुक्यातल्या घरांतून. ही चिठ्ठी म्हणजे परदेशात काम करण्याच्या परवान्याची, व्हिसाची सोडत.

वार्षिकासाठी हा विषय घेते आहे असे मी म्हटले तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "हा इंजिनीअर लोकांचा विषय. आपल्याला काय त्याचं?" माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हा विषय आता आपल्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे, आणि पदवी हातात पडण्यापूर्वीच आपण त्याचा विचार केला पाहिजे.

का ते सांगते. मे २०२१ मध्ये भारत आणि ब्रिटन या दोन देशांत स्थलांतराविषयी एक करार झाला. त्यातून 'यंग प्रोफेशनल्स स्कीम' नावाची योजना निघाली आणि तिची पहिली सोडत फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांना या योजनेखाली दोन वर्षे ब्रिटनमध्ये राहून काम करता येते. आधी तिथली नोकरी मिळवलेली असावी लागत नाही. जागा वर्षाला तीन हजार. इच्छुक त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सोडत. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत ती फेब्रुवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा निघाली. भाग घ्यायला पैसे पडत नाहीत. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील एवढे संगणकावर भरायचे. सोडत जेमतेम दोन दिवस उघडी असते. ती बंद झाली की दोन आठवड्यांच्या आत ईमेल येतो. नंबर लागला किंवा नाही लागला. निकाल अंतिम, त्यावर अपील नाही.

यात आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की पदवी कोणत्या विषयाची, हे ती योजना विचारीत नाही. मराठीची चालते, इतिहासाची चालते, अर्थशास्त्राची चालते. "बी.ए. करून काय दिवे लावणार?" हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. एस.टी.त ऐकला आहे, लग्नकार्यात ऐकला आहे, काहींनी तर घरातच ऐकला आहे. हा प्रश्न न विचारता आपल्याला रांगेत उभे करणारी एक जागा जगात आहे, हे कळल्यावर कला शाखेच्या विद्यार्थ्याचे मन हुरळून गेले तर त्यात नवल कसले?

माझ्या मामेबहिणीचे मन असेच हुरळले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मामाच्या घरात ताई पहिली. तिने इंग्रजी विषय घेऊन बी.ए. केले, वर्गात पहिली आली. २०२५ च्या फेब्रुवारीत तिने सोडतीत नाव घातले. ते दोन आठवडे मामाच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते म्हणा ना! मामीने रेणावीच्या रेवणसिद्धाला नारळ बोलला. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज तेवढ्यासाठी मागे पडला. फेब्रुवारीत नंबर लागला नाही. पण जुलैची सोडत होतीच. मग जुलैपर्यंत थांबायचे ठरले. मधल्या काळात पुण्यातल्या एका खासगी कंपनीचे बोलावणे आले, मामा म्हणाले, "जुलैचा निकाल लागू दे, मग बघू." एक स्थळ आले, त्यांनाही तेच सांगितले. गल्लीत तिला 'लंडनवाली' म्हणू लागले. पाण्याच्या टाकीपाशी, दळणाच्या गिरणीत, जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, "काय झालं गं लंडनचं?" जुलैतही नंबर लागला नाही.

लंडन काही कोणी तिच्याकडून काढून घेतले नव्हते, कारण ते तिच्याकडे कधी नव्हतेच. मग सहा महिन्यांत गेले काय? बी.एड.चे एक वर्ष गेले. पुण्याची नोकरी गेली. हे दोन्ही तिच्या हातातले होते. आणि गंमत अशी की सोडतीने यातले काहीच मागितले नव्हते! सोडतीला हवी होती फक्त पाच मिनिटे आणि पासपोर्टचा नंबर. बाकीचे सगळे आपल्या माणसांनी आपण होऊन तिच्यावर ओवाळून टाकले.

याच सुमारास एक एजंटही घरी येऊन गेला. वीस हजार दिले तर नाव 'आतून' लावून देतो, असे त्याचे म्हणणे. ताईने त्याला विचारले, "फुकट अर्ज आहे, एका माणसाला एका सोडतीत एकदाच नाव घालता येतं, नावं संगणक काढतो, मग तुम्ही नक्की करणार काय?" त्याला उत्तर देता आले नाही. परंतु प्रत्येक घरात असा प्रश्न विचारणारी ताई असतेच असे नाही. अमेरिकेच्या 'ग्रीन कार्ड लॉटरी'च्या नावाखालीही आपल्या देशात असा धंदा झाला. १९९० च्या कायद्याने आलेली ती सोडत कमी संख्येने अमेरिकेत जाणाऱ्या देशांसाठी होती. भारतातून पुष्कळ लोक आधीच जात असल्याने भारतात जन्मलेल्यांना ती सर्वसाधारणपणे खुलीच नव्हती. तरीही तिच्या नावाने आपल्याकडे पैसे गोळा केले गेले.

ताईचे एक वाक्य माझ्या मनात रुतून बसले आहे. ती म्हणाली, "नापास झाले असते तर कुठं कमी पडले ते तरी कळलं असतं." मला वाटते, सोडतीचे सगळे मर्म या वाक्यात आहे. परीक्षेत आपण नापास होतो तेव्हा दुःख होते, पण त्या दुःखाला एक दिशा असते. अमुक धडा कच्चा राहिला, तमुक पेपरला वेळ पुरला नाही. सोडतीत नंबर न लागण्याला कारणच नसते. कारण नसलेले अपयश माणूस मग स्वतःच्या माथी मारून घेतो. "माझंच नशीब फुटकं," म्हणतो. शेजारच्या गावातल्या मुलाचा नंबर लागला की तो 'हुशार' ठरतो आणि न लागलेली मुलगी 'कमनशिबी' ठरते. खरे तर दोघांच्याही बाबतीत काहीच सिद्ध झालेले नसते. संगणकाने ताईचा इंग्रजीचा पेपर पाहिला नाही, की त्या मुलाचाही पाहिला नाही.

दुसरी गोष्ट गणिताची. भिशीच्या चिठ्ठीची आपल्याला इतकी सवय आहे की सगळ्या चिठ्ठ्या तशाच असतात असे आपण धरून चालतो. भिशीत या महिन्यात नाव निघाले नाही तर पुढच्या महिन्यात निघेल. वीस बायका असतील तर विसाव्या महिन्यापर्यंत प्रत्येकीची पाळी येतेच. चिठ्ठी फक्त क्रम ठरवते. व्हिसाच्या सोडतीत तसे नाही. दर वेळी बरणी नव्याने भरते आणि आधी किती वेळा थांबलात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. एक उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय तरुणांसाठी अशीच सोडत सुरू केली. जागा एक हजार, नावनोंदणीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे चाळीस हजार अर्ज आल्याचे तिथल्या सरकारकडून सांगण्यात आले. म्हणजे निदान चाळिसात एक. हेच प्रमाण कायम धरले आणि एखाद्याने सलग पाच वर्षे नाव घातले तरी शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जणांचा नंबर पाचही वेळा लागणार नाही. पाच वर्षे! एकोणीस वर्षांच्या मुलीला चोविसावे लागेल तेवढ्यात.

शिवाय सोडतीचा मालक आपण नसतो. नियम त्याचे आणि ते तो केव्हाही बदलतो. ज्या इंजिनीअर लोकांचा हेवा आपण करतो त्यांचीच अवस्था पाहा. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी कायद्याने वर्षाला ६५,००० जागा ठेवल्या आहेत, आणि तिथल्या उच्च पदव्या घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. हा व्हिसा मिळणाऱ्यांत दहापैकी सात जण भारतीय असतात. २०२३ च्या वसंतातल्या सोडतीसाठी साडेसात लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या; त्यांतल्या चार लाखांहून अधिक अशा, की एकाच माणसाचे नाव अनेक कंपन्यांनी घातलेले. तेव्हा २०२४ पासून माणसागणिक एकच संधी, असा नियम झाला. २०२५ मध्ये सुमारे ३,४४,००० नोंदण्यांतून १,२०,००० निवडल्या गेल्या. हे बरे झाले असे वाटेपर्यंत सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाबाहेरून आणायच्या नव्या कामगारामागे एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम काढला. डिसेंबर २०२५ मध्ये आणखी एक नियम जाहीर झाला. त्यानुसार ज्याचा पगार मोठा त्याचे नाव निघण्याची शक्यता मोठी. म्हणजे चिठ्ठी तीच, पण श्रीमंत नोकरीच्या चिठ्ठ्या बरणीत जास्त. ज्यांनी चार-पाच वर्षे त्या बरणीकडे डोळे लावून आयुष्य आखले, त्यांनी जाब विचारायचा तो कोणाला?

येथे आपले काही वडीलधारे आणि काही प्राध्यापकही म्हणतील, "एवढी अनिश्चितता आहे तर हे परदेशाचे वेड हवेच कशाला? आपल्या मातीत राहा." हे म्हणणे मला मान्य नाही. त्याचे कारण आपल्या मातीतच आहे. २०२३ मध्ये आपल्या राज्यात तलाठ्यांची भरती निघाली. जागा ४,६४४, अर्ज दहा लाखांहून अधिक. एका जागेमागे दोनशेच्या वर उमेदवार! परीक्षेची फी खुल्या गटाला एक हजार रुपये, राखीव गटाला नऊशे. आमच्या गल्लीतल्या चौघांनी ती भरली. पुण्यात कॉटबेसिसवर राहून, मेसचे दोन वेळचे जेवण जेवून, वर्षानुवर्षे अभ्यासिकेत बसलेली मुले आपल्याच घरांतली आहेत. घरच्या परीक्षेत दोनशेत एक आणि परक्या सोडतीत चाळिसात एक, असा हिशेब ज्याच्यासमोर आहे त्याला वेडा म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबले पाहिजे. तो वेडा नाही. त्याला दोन्ही रांगा दिसताहेत, आणि त्यातली आखूड रांग त्याने निवडली आहे. फरक इतकाच की तलाठ्याच्या परीक्षेला केलेला अभ्यास निवड न झाली तरी थोडाफार पदरात उरतो. सोडतीची वाट पाहून पदरात काही उरत नाही.

सोडतीच्या बाजूने आणखीही एक गोष्ट बोलली पाहिजे. तिच्यात वशिला नाही. आडनाव पाहत नाही, जात पाहत नाही, बाप कोण ते विचारीत नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्याची मुलगी आणि कारखानदाराची मुलगी तिथे सारख्याच. मी यंत्रमाग कामगाराची मुलगी आहे. मला या समतेचे मोल कळते. पण ही समता टिकते किती वेळ? नाव निघेपर्यंतच. नाव निघाले की पुढचा कागद हातात येतो, आणि त्यावर आकडे असतात.

ते आकडे मी वहीत मांडून पाहिले आहेत. २०२५ मध्ये या ब्रिटिश व्हिसाची फी ३१९ पौंड होती. आरोग्यसेवेसाठी दोन वर्षांचे आगाऊ १,५५२ पौंड. हे झाले १,८७१ पौंड, न परतणारे. त्याशिवाय २,५३० पौंडांची बचत स्वतःच्या खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. ती खर्च होत नाही, पण ती असावी लागते. एकूण ४,४०१ पौंड; २०२५ च्या भावाने सुमारे पाच लाख रुपये. विमानाचे तिकीट वेगळे. पाच लाख म्हणजे माझ्या वडिलांची जवळजवळ अडीच वर्षांची सबंध मजुरी, घरात एक दाणाही न शिजवता साठवलेली! कारखानदाराच्या मुलीला नाव निघाल्याचा ईमेल म्हणजे निरोप समारंभाची तयारी. माझ्यासारखीला तोच ईमेल म्हणजे सावकाराची किंवा पतसंस्थेची पायरी. सोडत सर्वांना सारखी असते, पण तिच्या पलीकडचा उंबरठा सारखा नसतो. नाव न निघण्याची भीती आपण सगळे बोलून दाखवतो. नाव निघाले तर काय, याचा हिशेब मात्र फार थोड्या घरांत झालेला असतो. मामाच्या घरातही तो झालेला नव्हता.

बरे, कर्ज काढून गेलो असे समजू. तिथे काम कोणते मिळेल? योजनेचे नाव 'प्रोफेशनल' असले तरी काम शोधायचे आपणच. इथल्या बी.ए.ला तिथे लगेच कचेरीतली खुर्ची कोणी देईल, असे धरून चालू नये. सुरुवात दुकानात, हॉटेलात, वृद्धांच्या सेवेत होऊ शकते. त्यात कमीपणा काही नाही. घाम गाळणाऱ्यांच्या घरात वाढलेल्यांनी तरी कामाला हलके म्हणू नये. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांवरील कामगाराला ताशी किमान १२ पौंड २१ पेन्स देणे कायद्याने बंधनकारक होते. त्या दराने नुसती व्हिसाची फी आणि आरोग्याचे पैसे फेडायला १५३ तास, म्हणजे सुमारे चार आठवडे राबावे लागते. तेही भाडे, जेवण आणि कर बाजूला ठेवून. आपण मात्र ताशी १२ पौंडांना रुपयांनी गुणतो आणि आनंदाने टाळ्या वाजवतो. पौंडात मिळवणारा पौंडातच भाडे भरतो, हे आपण विसरतो. आणि दोन वर्षे पुरी झाली की परत. हा व्हिसा वाढवून मिळत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की, दोन वर्षांनी परत येताना आपल्या हातात काय असेल? इंग्रजी सुधारलेले असेल, जग पाहिलेले असेल, धीटपणा आलेला असेल. मुलीच्या आयुष्यात तर या तीन गोष्टी फार मोठ्या आहेत. पण एखादे कौशल्य जाण्याआधीच हातात नसेल तर परतल्यावर "आता काय करणार?" हा प्रश्न पुन्हा दारात उभाच.

बाहेर पडणे आपल्या भागाला मुळीच नवीन नाही. आपल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी केरळपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरली आहेत. ते गेले तेव्हा त्यांना भाषा येत नव्हती. शिक्षण तर बहुतेकांचे शाळेपुरतेच. मग ते टिकले कसे? आमच्या आत्याचे यजमान असेच गेलेले. गावातल्या एका जाणत्या माणसाने त्यांना सोबत नेले, मूस धरायला शिकवले, सोने आटवायला आणि त्याचा कस पाहायला शिकवले. हातात धंदा आला तेव्हा त्यांनी स्वतःचे दुकान टाकले. त्यांच्या आधी माणूस होता, हातात कला होती आणि दुष्काळ पाठीशी लागलेला असल्यामुळे वाट पाहत बसण्याची चैन नव्हती. आजचा देश वेगळा, सीमा वेगळी, व्हिसा वेगळा, हे खरे. पण हातात काहीतरी घेऊन बाहेर पडावे, हा त्यांचा धडा जुना झालेला नाही.

आणि चिठ्ठीने न उघडता तयारीने उघडणारी दारेही आज आहेत. जपानने एप्रिल २०१९ पासून काही ठरावीक क्षेत्रांतल्या कुशल कामगारांसाठी वेगळा परवाना सुरू केला, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याबाबत भारताशी करार केला. त्यात वृद्धांची शुश्रूषा आहे, शेती आहे, हॉटेलचे काम आहे. तिथे सोडत नाही. परीक्षा आहेत, एक कामाची आणि एक जपानी भाषेची. भाषा शिकणे हे तर कला शाखेचे घरचे काम! आज इंग्रजी वाङ्मयाचा पेपर गाईडवरून पाठ करून उत्तीर्ण होणारे आपण, एखादी परकी भाषा बोलता येईल इतकी शिकलो तर ती लंडनला उपयोगी पडेल, पुण्याला पडेल, नाहीतर इथल्याच शाळेत पडेल. तिचा निकाल ईमेलने यायचा नसतो. ती शिकता शिकताच आपली होत जाते.

म्हणून माझे मत थोडक्यात असे. सोडतीत नाव जरूर घालावे. ते घालण्यात लाचारी नाही, देशद्रोह तर नाहीच नाही. पण नाव घातल्यावर एकही काम थांबवू नये. बी.एड.चा अर्ज भरायचा असेल तर भरावा, नोकरी आली तर रुजू व्हावे, भरतीची परीक्षा असेल तर द्यावी. नंबर लागला तर तेव्हा राजीनामा देता येतो. पण नंबर लागला नाही तर गेलेले वर्ष परत आणता येत नाही. आणि घरच्यांना नम्रपणे सांगावे की ही चिठ्ठी आहे, परीक्षा नव्हे. तिच्यावरून माझी किंमत करू नका. निघाली तर मिरवू नका, नाही निघाली तर रडू नका.

आपल्या प्राध्यापकांपाशीही एक मागणे आहे. आमच्यापैकी अनेकांच्या घरी पासपोर्ट हा शब्दच पहिल्यांदा आम्ही नेला. कोणाला विचारावे हे आई-वडिलांना ठाऊक नसते; मग विचारणा होते ती एजंटाकडे. महाविद्यालयात महिन्यातून एकदा, शनिवारी तासभर, कोणती योजना खरी, कोणती खोटी, फी किती, खर्च किती, एवढे जरी फळ्यावर मांडले तरी कितीतरी घरांचे वीस-वीस हजार वाचतील. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात भाषावर्ग सुरू करता आला तर दुधात साखरच. याला फारसा खर्च येणार नाही. कोणीतरी मनावर घेतले पाहिजे.

ताईने यंदा बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. संध्याकाळी ती गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते, आणि सोडतीतही पुन्हा नाव घालणार आहे. तिला आता कोणी 'लंडनचं काय झालं' असे विचारले तर ती हसून म्हणते, "ते त्यांचं ते बघतील, मला उद्याचा धडा काढायचाय." पदवी मिळाल्यावर मीही नाव घालणार आहे. त्या दिवशीही सकाळी सातचा माझा तास असेलच, आणि मी तो बुडवणार नाही.